शुभाकाकूंच्या मशीनवरचं कुंकू

चेतना परब हट्टी आहे, हे आमच्या मालाडच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नोकरी सुटल्यावर तिने घरातल्या डायनिंग टेबलावर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला घेतले, आणि तेव्हापासून परबांचं कुटुंब मुकाट्याने जमिनीवर मांडी घालून जेवतं. कॉम्प्युटरच्या आतला सर्किट बोर्ड मेलाय, असं कुणी नुसतं म्हटलं तरी हिचं डोकं फिरतं.

एका दुपारी मी तिच्याकडे चहाला बसले होते, तेव्हा वरच्या मजल्यावरचे अण्णा त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या शुभाकाकूंचा, कॉम्प्युटर घेऊन आले. काकूंनी त्यावर लोकांची टायपिंगची कामं करून संसाराला हातभार लावला होता. आधी मशीन बंद पडलं, मग काकू गेल्या. घर खायला उठतं गं, तिचं मशीन तरी चालू होऊ दे, एवढंच अण्णांचं म्हणणं होतं.

चेतनाने झाकण उघडलं तर बोर्डावर लाल चट्टे. काकू दर दसऱ्याला मशीनची पूजा करायच्या, फुलाने पाणी शिंपडून हळदकुंकू वाहायच्या. ते वरच्या फटींतून आत गेलं, ओल धरली आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा खाल्ल्या गेल्या. म्हणजे काकूंनीच भक्तिभावाने त्याची वाट लावली होती. मला हसू आलं. अण्णांना आलं नाही. ह्या कुंकवाला हात लावायचा नाही, तिच्या हातचं एवढंच उरलंय, असं त्यांनी बजावलं.

चेतनाने ऐकलं, हेच नवल. कुंकू वगळून तिने आजूबाजूचे पार्ट बदलले, जिथे जमेल तिथे वायरी टाकल्या. स्क्रीन काळा. सगळं उकलून पुन्हा जोडलं, बोटं पोळून घेतली, तरी काळाच. शेवटी तिने अण्णांना खाली बोलावलं.

"अण्णा, स्पष्ट सांगते. कुंकू ठेवा नाहीतर मशीन चालवा. दोन्ही नाही होणार."

म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का? मला तिचा रागच आला. ती मात्र ब्रश हातात धरून तशीच उभी.

"पूजा ती वर्षातून एकदाच करायची," अण्णा म्हणाले. "काम रोज करायची. धुऊन टाक."

तिने स्पिरिटने घासून सगळं कुंकू काढलं. खाली रेघा आणखीच सडलेल्या निघाल्या, पण आता त्या दिसत तरी होत्या. एकेक तपासत, एकेक जोडत ती आठवडाभर त्यालाच चिकटून बसली. मग एका सकाळी स्क्रीनवर कर्सर लुकलुकायला लागला. अण्णा रडले, मीही रडले. चेतनाने तेवढं होऊ दिलं.

"आता ह्याला काम सांगा," ती म्हणाली. "नुसतं चालू ठेवून काय करणार?"

अण्णांनी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मशीनसमोर बसले.

"शिकव," म्हणाले.