भिंगरी सर आणि अठरा जणी

सामना चालू असताना भिंगरी सर चेंडूकडे बघत नसत. मैदानाच्या एका टोकाला गोल होतोय, बाकावरच्या मुली उड्या मारताहेत, आणि हा माणूस दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या भागाकडे डोळे लावून चाललाय. चाललाय हे मुद्दाम लिहिते, कारण ते उभे कधी राहतच नसत. सामनाभर रेषेच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे. हात पाठीमागे, मान पुढे आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं. पायाला भिंगरी लागलेला माणूस म्हणून आम्ही मुलींनी त्यांचं नाव भिंगरी ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलंच. "भोवरा म्हणाला असतात तर राग आला असता," ते म्हणाले, "भोवरा एका जागी फिरतो."

ते रेल्वेतून निवृत्त झाले होते. तरुणपणी रेल्वेच्या संघातून लेफ्ट हाफ खेळले होते आणि आता डहाणूला बायकोबरोबर राहत होते. आमचा जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, चौदा साली, आमच्या भागातल्या एका कारखान्याने मुलींचा व्यावसायिक हॉकी संघ काढला. वर्षाच्या करारावर बावीस मुली. त्यातल्या अठरा स्पर्धेला जाणार, चार मागे राहणार. सारख्या मागे राहिलेल्या मुलीचा करार पुढच्या वर्षी होत नसे. या अठरा जणी निवडायचं काम सरांकडे होतं.

मला त्यांनी तलासरीत शोधलं. तालुक्याच्या शाळांच्या शर्यती होत्या आणि मी दुसरी आले होते. पहिली आलेल्या मुलीभोवती गर्दी होती, आणि डोक्याला रुमाल बांधलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले.

"पळताना तू सारखी मागे का बघत होतीस?"

मला वाटलं, ओरडताहेत. मी म्हटलं, "भीती वाटत होती. मागची जवळ आली का ते बघत होते."

"कोणती जवळ होती?"

मी सांगितलं. तिच्या मागे कोण, तिच्या बाजूला कोण, तेही सांगितलं. ते हसले. "हॉकी खेळली आहेस कधी?"

"नाही."

"छान. म्हणजे चुकीचं काही शिकलेली नाहीस."

पहिलं वर्ष मी फॉरवर्ड खेळले. गोल होत होते. एकदा पेपरात माझं नाव आलं. बाबांनी तो पेपर घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पाड्यावर जो येईल त्याला काढून दाखवला. आणि दुसऱ्या वर्षी, एका सकाळी, सर सरावाला आले आणि चालता चालता म्हणाले, "सुमन, आजपासून राइट हाफ."

राइट हाफ म्हणजे मागे. गोल करायचा नाही, समोरून येणाऱ्याला अडवायचं आणि चेंडू पुढे देऊन टाकायचा. मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काही नाही. फॉरवर्ड म्हणून तू बरी आहेस. बऱ्या फॉरवर्ड मला आणखी तीन मिळतील."

मी चार दिवस सरावाला गेले नाही. ते बोलवायलाही आले नाहीत. पाचव्या दिवशी मीच गेले, तर म्हणाले, "आलीस? चल, अच्छाडला जाऊन येऊ." यादी करायची वेळ आली की त्यांना घरात बसवत नसे. कधी सुरूच्या बनातून किनाऱ्याने पारनाक्यापर्यंत चालत जायचे, कधी मिळेल त्या गाडीने राज्याच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका गाठायचे. तिथे हायवेवर ट्रकांची रांग लागलेली असायची. सर हातात चहाचा ग्लास घेऊन त्या रांगेतून फिरायचे आणि मनातल्या मनात मुली इकडच्या तिकडे हलवायचे.

त्या दिवशी एक ट्रक मागे येत होता. क्लीनर खाली उतरून पत्र्यावर थाप मारत "आने दो, आने दो" करत होता. सर थांबले. "ड्रायव्हर दिसला तुला?"

"दिसला."

"सगळ्यांनाच दिसतो. आणि हा खालचा नसला तर?"

"ठोकेल मागच्याला."

"हां. तर ती तुझी जागा. तुझं नाव पेपरात येणार नाही, हे आत्ताच सांगतो. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

परतीच्या गाडीत मी मुद्दाम त्यांच्यापासून लांब बसले. पण पुढच्या वर्षी मुंबईला टर्फवर एक सामना झाला. समोरचा संघ आमच्यापेक्षा कितीतरी तयार होता, तरी आम्ही एका गोलने जिंकलो. गोल करणारीला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. सर माझ्या बाजूने चालत गेले आणि न थांबता म्हणाले, "आज तुझ्या बाजूने कोणी आलंच नाही." बस्स, एवढंच. मी त्या दिवशी बाबांना फोन करून तेच वाक्य सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. "म्हणजे गोल किती केलेस?" असं त्यांनी विचारलं.

सरांचा एक नियम होता. जिला यादीतून काढायचं तिला ते आधी घरी जाऊन सांगत. यादी कारखान्याच्या फळ्यावर नंतर लागे. फोन नाही, निरोप नाही. घर कुठे का असेना, एसटीने, जीपने, शेवटी पायी, ते जात. "बोर्डावर स्वतःचं नाव शोधायला लावणं हा गुन्हा आहे," ते म्हणत. "तिने मला तोंडावर शिव्या द्याव्यात. तेवढा तिचा हक्क आहे." त्यामुळे निवडीच्या दिवसांत आम्ही सगळ्या घराबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसायचो. लांबून डोक्याला रुमाल बांधलेला माणूस दिसला की हातातलं काम तिथेच राहायचं.

संघात माझी तीन वर्षं झाली तेव्हा एका दुपारी तो रुमाल आमच्या पाड्यावर आला. माझा उजवा गुडघा कित्येक महिने दुखत होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पट्टा आतून बांधायचे, त्यावर मोजे ओढायचे.

बाबांनी खाट पुढे केली. "बसा, मास्तर."

सर बसले नाहीत. अंगणात कोंबड्यांमधून येरझाऱ्या घालत बोलले. "सुमन महिनाभर फक्त डावीकडून वळते आहे. उजवा पाय टेकवत नाही. मी डॉक्टरला विचारलं. आणखी एक वर्ष खेळली तर पुढे शेतात उकिडवं बसता येणार नाही तिला."

"म्हणजे पोरीला काढली?" बाबांनी विचारलं.

"काढली," सर म्हणाले. आडपडदा नाही, गोड बोलणं नाही.

मी शिव्या दिल्या नाहीत. आत जाऊन स्टिक आणली आणि त्यांच्या पायाशी टाकली. त्यांनी ती उचलून भिंतीला नीट टेकवली. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी ये. मैदानात नाही, माझ्या बाजूने चालायला. मला दोनच डोळे आहेत आणि बघायच्या आहेत बावीस जणी." तिसऱ्या दिवशी मी गेले. राग गेला म्हणून नव्हे, घरात जीव थाऱ्यावर राहत नव्हता म्हणून.

मग दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर चालले. लंगडत का होईना. त्यांनी मला माणसं बघायला शिकवलं. चुकल्यावर कोण खाली बघते, कोण दुसरीकडे बघते. दमल्यावर कोणाची बडबड वाढते. बदली म्हणून बाहेर आल्यावर कोण पाणी आधी पिते आणि कोण आत गेलेलीला आधी दोन शब्द सांगते. "हात-पाय सगळ्या दाखवतात," सर म्हणत, "तू बाकीचं बघ." मी लिहून घ्यायचे. आमचं पटायचं नाही तेव्हा ते जोरात चालायला लागत, आणि मला मागून ओरडून भांडावं लागे.

हिराताईवरून मात्र आमचं खरंच वाजलं. हिराताई आमची कॅप्टन आणि गोलकीपर, धाकट्या डहाणूची. संघ निघाला तेव्हापासून गोलमध्ये तीच. आम्हा सगळ्यांत थोरली. मी नवीन असताना स्टिक कशी धरायची हे तिनेच मला दाखवलं होतं. एकोणीस साल उजाडलं तेव्हा आमच्याकडे भूकंपाचे धक्के चालू होते. दोन-चार दिवसांनी जमीन हलायची, भिंतींना भेगा गेल्या होत्या, थंडीत लोक घराबाहेर तंबूत राहत होते. सराव चालू असताना धक्का बसला की मुली होत्या तिथे खाली बसायच्या. "चला, जमिनीलाही आता माझी सवय लागली," सर म्हणायचे, पण त्यांचाही चेहरा उतरलेला असे. त्या दिवसांत मला दिसलं की हिराताई तिच्या डावीकडे उशिरा जाते. एकदा नव्हे, रोज. मी महिनाभर लिहून ठेवलं आणि सरांपुढे धरलं.

"धक्क्यांमुळे झोप होत नाहीये तिची," ते म्हणाले.

"सगळ्यांचीच होत नाहीये, सर."

"तिने हा संघ उभा केलाय."

"हे तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल ऐकून घेतलं असतं?"

ते चालता चालता थांबले. मग वळले आणि मला तिथेच सोडून निघून गेले. तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. "तुझं बरोबर आहे. यादीत गोलकीपर म्हणून रेखा राहील." थोडं पुढे जाऊन परत आले. "धाकट्या डहाणूला तू जा. माझ्याने होणार नाही."

मी सकाळीच गेले. हिराताई घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत.

"सर कुठे आहेत?"

"मीच आले, ताई."

तिला कळलं. "कोणी काढलं?"

सरांचं नाव सांगणं सोपं होतं. पण दोन वर्षं त्यांच्याबरोबर चालल्यावर ते मला जमेना. मी म्हटलं, "मी. डावीकडे तू उशिरा जातेस."

"तुझा गुडघा गेला," ती शांतपणे म्हणाली, "म्हणून आता माझे हात तोडायला आलीस."

तिच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. तो मी हातात घेतला आणि तेवढ्यात जमीन हलली. बांबूंवरचे बोंबील थरथरले, आजूबाजूची माणसं ओरडत बाहेर आली. हिराताईने माझा दंड घट्ट पकडला. धक्का थांबला. तिने हात सोडला आणि घरात निघून गेली.

त्या स्पर्धेत आम्ही उपांत्य सामना हरलो, एका गोलने. तो गोल रेखाच्या डाव्या बाजूने गेला. परत येताना मी सरांना विचारलं, "हिराताई असती तर अडवला असता?"

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"सुमन, जो सामना झालाच नाही तो कोणाला दिसतो? निवडणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ते घेऊनच चालायचं." मला त्या उत्तराने बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, सर वलसाडला एका शाळकरी मुलीचा खेळ बघायला निघाले होते. डहाणू स्टेशनचा पूल चढताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला त्यांच्या घरी सगळ्या मुली आल्या. यादीत असलेल्या, काढलेल्या, लग्न होऊन लांब गेलेल्यासुद्धा. हिराताईही आली. दहा महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी मागच्या दारी भांडी विसळत होते. ती आली, बाजूला बसली आणि विसळलेली भांडी पुसायला लागली.

"तू आली होतीस ना त्या दिवशी," ती म्हणाली, "संध्याकाळी सर आले होते."

मला हे माहीत नव्हतं. सरांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"आले आणि आमच्या अंगणात नुसते फिरत राहिले. मग म्हणाले, हिरा, तुला मी काढलंय. सुमन तुझ्या बाजूने भांडत होती, मी तिचं ऐकलं नाही. तिच्यावर राग धरू नकोस."

माझे हात पाण्यातच राहिले. "मग?"

"मग काय! मी म्हटलं, सर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"तुला कळलं होतं तर इतके महिने बोलली का नाहीस?"

"राग होता म्हणून. खरं सांगितलंस म्हणून काय राग यायचा नाही?" तिने एक पातेलं पुसून उपडं घातलं. आतून कोणीतरी आम्हाला हाक मारत होतं. आम्ही दोघीही उठलो नाही.

"सर काय म्हणाले त्यावर?" मी विचारलं.

हिराताईला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. "म्हणाले, येत नाही गं मला. पण रस्ताभर पाठ करून आलो होतो."