काटकुळ्यावर लावलेली पैज

हॉस्पिटलचं पत्र तीन आठवडे फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं. मंगळवारी सकाळी साडेसातला या, अँजिओग्राफी करायची आहे, तारीख चुकली तर पुन्हा रांगेत थांबावं लागेल, असं त्यात लिहिलेलं होतं. दूध काढायला फ्रिज उघडताना बाबा त्या पत्राकडे बघत नसत.

आई सांगलीच्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती आणि परत आली नव्हती. तेव्हापासून बाबांना हॉस्पिटलची चीड होती. भीती हा शब्द मी त्यांच्याबद्दल तेव्हा वापरला नसता. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला आणि पुढे तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. इथे परदेशात, माउंट रॉस्किलमधल्या आमच्या रस्त्याचा चढ चढताना ते तीनदा थांबत, पण दर वेळी कुणाचं तरी लिंबाचं झाड न्याहाळायला थांबल्यासारखं करत. मी विषय काढला की म्हणत, "दिवाळीत सांगलीला जाणारच आहे. तिकडे बघू."

शेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर राहत असे, मूळचा टोंगा बेटांवरचा, बाबांच्याच वयाचा. त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे पिंजऱ्यातल्या त्या मारामारीचा, नाद होता. अमेरिकेत शनिवारी रात्री होणारी फाइट आमच्याकडे रविवारी दुपारी लागे आणि तो आमच्या घरी येऊन बघे, कारण त्याच्या टीव्हीवर ते चॅनेल नव्हतं. पहिल्या दिवशी रक्त बघून बाबा उठून आत गेले. दुसऱ्या रविवारी एकाने दुसऱ्याचा पाय धरून त्याला खाली घेतलं, तेव्हा ते ताठ बसले. "अरे, हा तर आपल्या कुस्तीतला एकेरी पट."

त्यानंतर बाबा कोण जिंकणार ते आधीच सांगू लागले. आदल्या दिवशी वजनं घेतात तो कार्यक्रम दोघे मिळून बघत. बाबा दंड, छाती बघत नसत. ते मान बघत, पोटऱ्या बघत आणि काट्यावरून उतरताना पाऊल कसं पडतं ते बघत. मग शेजारी त्यांच्या शब्दावर बेटिंगच्या दुकानात जाऊन पैसे लावी. अंदाज बहुतेक वेळा खरा ठरे. "तुझ्या बाबांना हीप्स कळतं," तो मला सांगे, हीप्स म्हणजे खूप. मला हे काही आवडत नव्हतं. पण परक्या देशात बाबांना एक मित्र मिळाला होता, म्हणून मी गप्प राहिले. लायब्ररीतून या खेळावरचं एक पुस्तक आणून मात्र वाचलं. निदान ते दोघं काय बोलतात ते कळावं, एवढ्यासाठी.

पत्रातल्या तारखेआधीच्या शनिवारी दोघांनी नेहमीप्रमाणे वजनं बघितली आणि त्याच्या गाडीतून कुठेसे जाऊन आले. संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "उद्याची मोठी आहे. एक रेडा, एक काटकुळा. रेडा दाबून मारणार."

"बरं."

"बरं काय? लाव पैज."

"बाबा, मी पैसे लावत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"पैसे कोण म्हणतंय? रेडा जिंकला तर ते फ्रिजवरचं पत्र फाडायचं आणि परत विषय काढायचा नाही. काटकुळा जिंकला तर मंगळवारी तू म्हणशील तिथे येतो."

मी घास खाली ठेवला. काटकुळ्याबद्दल त्या पुस्तकात वाचलेलं मला आठवलं. हे लोक मुद्दाम खाली जातात आणि पाठीवर पडून पायांनी वरच्याची मान धरतात.

"खाली पडला तो हरला, असं धरायचं का?" मी विचारलं.

"आमच्यात तरी पाठ लागली की संपलं."

"तिथे नाही संपत."

"मग घे की काटकुळा. एवढी शिकलीस आणि भितेस कशाला?"

मी घेतला. बाबा तालमीतल्या नियमात अडकलेत आणि मी त्यांना बरोबर पकडलंय, असं मला वाटलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुपारी तिघं टीव्हीसमोर बसलो. पहिल्याच मिनिटाला रेड्याने काटकुळ्याला उचलून आपटलं आणि त्याच्यावर बसला. दोन राउंड तेच. मी हातातल्या उशीचा कोपरा पिळत होते. बाबा रेड्याचा श्वास बघत होते. तिसऱ्या राउंडला रेड्याचं तोंड उघडं पडलं. त्याचे ठोसे हळू झाले. एका क्षणी खालच्याचे पाय त्याच्या मानेभोवती आले आणि रेड्याने खालच्याच्या मांडीवर हलकेच तीनदा थापटलं. एखाद्याला झोपवताना थापटावं तसं. थापटणं म्हणजे हार कबूल; पंच मध्ये पडला. संपलं होतं.

मी टाळ्या वाजवल्या. आज ते आठवतं आणि हात कुठे ठेवावेत कळत नाही.

"हरलो," बाबा म्हणाले, टीव्ही बंद करून आत गेले आणि पाच मिनिटांत बॅग घेऊन बाहेर आले. ती दाराशी ठेवली. "शब्द म्हणजे शब्द."

अँजिओग्राफीनंतर त्यांना काही तास पाठीवर सरळ पडून राहायला सांगितलं होतं. मी शेजारी बसले होते. ते छताकडे बघत म्हणाले, "बघ, लावलीस ना माझी पाठ?" मी म्हणाले, "खालचाही जिंकतो, बाबा." ते हसले. तीनही रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. त्यांना ठेवून घेतलं. शुक्रवारी बायपास झाली आणि ती चांगली झाली, असं सगळे म्हणाले. सोमवारी पहाटे हॉस्पिटलचा फोन आला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. हृदय फार थकलेलं होतं, एवढंच.

दोन आठवडे मी एकच गोष्ट घोळवत राहिले. पैज जिंकून मीच त्यांना तिथे नेलं. पत्र फाडलं असतं तर ते दिवाळीला सांगलीत असते. कुणी समजूत घालायला आलं की मी मान हलवत असे.

एके दिवशी दुपारी शेजारी आला. चपला दाराबाहेर काढल्या, बाबांच्या खुर्चीकडे बघितलं आणि दुसऱ्या खुर्चीत बसला. खिशातून बेटिंगच्या दुकानाची पावती काढून त्याने टेबलावर ठेवली.

"ही त्याची आहे. मी फक्त त्याच्या वतीने लावली होती. फाइटच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे घेऊ म्हणाला, ते राहून गेलं."

मी पावती वाचली. त्यावर काटकुळ्याचं नाव होतं. वर शनिवारची सकाळ.

"चूक झाली असेल," मी म्हणाले. "बाबांनी रेडा घेतला होता."

"तुझ्याबरोबर घेतला होता. मला गाडीतच सांगितलं, मोठा हरणार. वजन उतरवण्याच्या नादात त्याच्या अंगात पाणी उरलेलं नाही, काट्यावरून उतरताना त्याने भिंतीला हात लावला, दोन राउंडपुढे जाणार नाही. म्हणाला, मुलीला सांगू नकोस. तिच्याकडून हरायचंय."

मी पावती पुन्हा वाचली. तोच पुढे सांगू लागला.

"मी म्हटलं, अरे, जायचंच आहे तर सरळ हो म्हण की तिला. तो म्हणाला, हो म्हणता येत नाहीये. हरलो तर जाता येईल."

तो गेल्यावर मी कपाट उघडलं. हॉस्पिटलमधून परत आलेली बॅग मी तशीच ठेवून दिली होती. आत दोन लेंगे, तीन सदरे, दाढीचं सामान आणि आईचा छोटा फोटो. दोन सदरे घडी न मोडलेले, कडक इस्त्रीचे. बाबा स्वतःचे सदरे स्वतः इस्त्री करत आणि त्याला त्यांना तासभर लागे. रविवारी ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले होते.

मग आठवलं. शनिवारी, ते दोघं गाडीतून परत आल्यावर, मी स्वयंपाकघरात होते आणि घरभर इस्त्रीचा गरम वास आला होता. मी आतूनच विचारलं होतं, "बाबा, कुठे निघालात?"

"कुठे नाही गं," ते म्हणाले होते. "असंच."