सपाटीवरचं घर

भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका सुहासिनीबाई आपली फियाट कायम उतारावर लावत. तिचा स्टार्टर दुरुस्त करून मेकॅनिक हिंदुराव थकले होते. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू लागली की क्लच सोडायचा, एवढाच मार्ग होता. त्यामुळे भाजीवाला, दंतवैद्य, मैत्रिणी, सगळं बाईंनी उतार पाहूनच निवडलेलं. त्यांच्या मनातल्या नकाशात तेवढंच पुणं रंगवलेलं होतं; बाकीचं कोरं.

धाकटी बहीण वासंती वाघोलीला राहायला गेली, ती नेमकी सपाटीवर. "तुझ्या दारात उतार कुठाय? गाडी ढकलायला तू येणार का?" असं बाई फोनवर विचारत.

अखेर हिंदुरावांनी एक वापरलेली पण ठणठणीत मारुती शोधून दिली. "बाई, नुस्ती किल्ली फिरवा. कुठंबी लावा."

त्याच दुपारी बाई निघाल्या. गाडी इतकी अलगद चालत होती, की नगर रस्ताच आपणहून मागे वाहत चालल्यासारखा वाटत होता. कोऱ्या नकाशात झाडं उगवत होती, घरं उमटत होती. तरंगतच त्या वासंतीच्या दारात पोचल्या.

वासंतीनं गाडीवरून हात फिरवला.

"छान आहे गं, ताई. पण इथं बससुद्धा येते. बारा वर्षं येते."