तिची हरकत

पहिलीच्या मुलांना अहिराणीतून शिकवावं, हा ठराव माझाच. कोरीट गावाच्या अलीकडच्या एका खेड्यात मी मुख्याध्यापिका आहे. लहानपणी वर्गात 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं म्हणून मला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पालकसभेत सगळे माना डोलवत होते. एकच बाई उठली. ती कापूस वेचायला जाते, मुलगी पहिलीत आहे. नवरा आजारी असताना दवाखान्यात तिला धड मराठीत सांगता येईना, केसपेपर काढणारा हसला आणि ती गप्पच झाली. मुलीला पहिल्या दिवसापासून मराठीच हवी, असं तिचं म्हणणं. मी तिला पंधरा मिनिटं समजावलं, म्हणजे खरं तर बोलूच दिलं नाही.

इतिवृत्तही मीच लिहिलं. माझं म्हणणं दीड पान, तिचं एक ओळ: 'एका पालकाने हरकत घेतली.' सह्यांच्या आधी ते वाचून दाखवावं लागतं. मी चांगलं ठसक्यात वाचलं. सगळ्यांनी सह्या केल्या. रजिस्टर तिच्यापुढे गेलं, तशी ती पेन खाली ठेवून म्हणाली,

"बाई, आनी मन्हं बोलनं कोठे शे?"

मला राग आला आणि लाजही वाटली. राग आधी आला. मग मी पुढच्या पानावर पुन्हा लिहायला बसले. ती सांगत गेली आणि मी तिच्याच शब्दांत उतरवत गेले. शेवटचं वाक्य होतं, "मन्ही पोरवर ती येळ येवाले नको." त्याखाली तिने सावकाश सही केली.

आठवड्याने शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. ठराव एकमताने झालेला दिसला पाहिजे, नाहीतर वर कोणी मंजूर करणार नाही, तेव्हा ते पान बदला, म्हणाले. माझ्या भल्यासाठीच सांगत होते. मी नाही म्हटलं. मग तुम्ही त्या बाईच्या बाजूच्या का, असं त्यांनी विचारलं.

अजिबात नाही. तिचं चुकतंय असं मला आजही वाटतं. पुढच्या सभेत मी तिच्याशी पुन्हा भांडणार आहे. पण भांडायचं तर तिच्या पूर्ण म्हणण्याशी. त्या एका ओळीशी काय भांडायचं?

आमची बोली सरकारी कागदावर यावी, हा माझा जन्माचा हट्ट. आता ती आली, आणि आली ती माझ्याच विरोधात. ठराव पडला तर पडू दे, ते पान मी काढणार नाही.