बिनकामाच्या बैलाला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, फसवून घराबाहेर काढलं. दवाखान्यात जायचंय म्हणून सांगितलं आणि ऑटो सरळ पलीकडच्या ले-आउटमध्ये नेला. मामाजी वर्षभरापासून शहरात, नंदनवनला, आमच्याकडे राहत होते. गुडघे गेले, बैलजोडी विकली, शेत शेजारगावच्या भाच्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं आणि माझ्या नवऱ्याने त्यांना पारशिवनीजवळच्या गावातून इकडे आणलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, रिकामं बसून खाल्लेलं अंगी लागत नाही. आता उद्या सकाळच्या गाडीने ते पोळ्यासाठी गावी जाणार होते आणि परत येणार नव्हते. नवरा म्हणाला, जाऊ दे, त्यांचं मन लागत नाही इथे. मला पटेना. गावात त्यांना पेलाभर पाणी द्यायलाही कोणी उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझंच त्यांच्याशिवाय जमेनासं झालं होतं. दुपारच्या चहाला माझ्याशी भांडायला घरात दुसरं होतं कोण?

मी त्यांना नेलं तो ले-आउटमधला सार्वजनिक प्लॉट. आधी तिथे कचरा पडायचा. आजूबाजूच्या घरांनी मिळून तो साफ केला, भाजी लावली. मग बकऱ्या आल्या, कोंबड्या, बदकं, एक गाय आणि कोणीतरी रस्त्यावर सोडून दिलेला एक गोऱ्हा. तो आता चांगला थोराड बैल झाला होता. शेण कोणी काढायचं, चारा कोणी टाकायचा, याच्या पाळ्या दारातल्या फळ्यावर लिहिलेल्या. त्या दिवशी शेणाची पाळी दातांच्या एका डॉक्टरबाईंची होती. म्हणजे दवाखान्याचं मी अगदीच खोटं बोलले नव्हते.

मामाजींनी दहा मिनिटं माझ्याशी अबोला धरला. नंतर तोंड उघडलं ते मिटेचना. बकऱ्यांना गाजरं कशाला, घरी पोरं नाहीत काय. कोंबड्यांचं खुराडं इतकं खाली कसं, मांजरीला जेवायला बोलावलं काय. ते डोकं हलवत पुढे पुढे जात होते आणि मी मागून लोकांची माफी मागत होते. उन्हाळ्यात बकऱ्यांसाठी लावलेला कूलर अजून गोठ्यातच होता. तो पाहून मात्र ते उभेच राहिले.

“माझ्या बैलाइले कूलर लावला असता, तं त्याइनं मलेच वखराले जुपलं असतं,” म्हणाले आणि स्वतःच खो-खो हसले. त्यांना असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

बैलाभोवती गर्दी जमली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळदीने बैलाचे खांदे चोळतात, वर्षभर जू वाहून ते दुखतात म्हणून. या मंडळींनी त्यातलं अर्धंच ऐकलेलं. डॉक्टरबाई वाटी घेऊन बैलाच्या कपाळाला, गालांना, पाठीला हळद फासत होत्या आणि बाकीचे फोटो काढत होते.

“नवरदेव आहे काय वं बाई तो?” मामाजी कडाडले. “खांदा चोळा, खांदा.”

बाईंनी वाटी त्यांच्या हातात दिली. मामाजींनी बाह्या सारल्या, बैलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थबकले. पुन्हा चाचपून पाहिलं. त्यांच्या जोडीच्या खांद्यांवर जुवाने पडलेले घट्टे मी पाहिले होते. हा खांदा मऊ होता, कुठे एक खूण नाही.

“याले कधी जुपलंच नाही?”

बाई म्हणाल्या, नाही, त्याला काहीच काम नाही.

“मग ठेवला काहून?”

“आमचा आहे म्हणून,” बाई म्हणाल्या.

आता मामाजी भडकणार, असं मला वाटलं. बिनकामाच्या जनावराला वैरण घालणं त्यांच्या डोक्यात कधी बसलं नसतं. पण ते वाकून खांदा चोळू लागले. आधी डावा, मग उजवा, सावकाश. वाटीतलं तूप संपलं तरी हात थांबेनात. बैल डोळे मिटून उभा होता.

चोळून झाल्यावर बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं असतं, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मामाजींनीच सांगितलं. हेही सांगितलं की ज्याने आवतण दिलं, त्यानेच उद्या आपल्या हाताने पुरणपोळीचा घास भरवायचा. बोलावून हजर न राहणं त्यांच्या लेखी पापच. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच द्या. मामाजी मागे सरले. मी उद्या इथे नाही, तुम्ही द्या, म्हणाले. बाई पुढे झाल्या आणि माझा धीर सुटला.

“मामाजी, तुम्हीच द्या,” मी म्हटलं. चारचौघांत रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडू आलंच. “तुमच्यापासून मले काम नाही पाहिजे. मले तुम्ही पाहिजे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुपाचे हात धोतराला पुसले. बैलाच्या कानाशी तोंड नेलं.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

बैलाला अहो-जाहो केलेलं ऐकून पोरं खिदळली. मी डोळे पुसत होते, तोवर मामाजी माझ्यापाशी येऊन उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच खेकसल्यासारखा होता.

“डाळ जास्त भिजव, त्याचं पोट लहान नाही. आन् मले एक चांगली काठी आणून दे. रोज इथं यायचं म्हणजे गुडघ्याइले आधार पाहिजे.”