राखलेले पांढरे

किस्से हे फळीवरच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. एकही मुद्दाम जमवलेला नसतो; पण एके दिवशी नवा डबा ठेवायला जावे, तर जागाच उरलेली नसते! आमच्या चित्रमंडळाच्या किश्श्यांचे असेच झाले आहे. वाढवून सांगण्याची मला सवय नाही, आणि जे घडले त्याला माझी वाढ लागतही नाही.

मंडळ ते केवढे! मी, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली मंदा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा चेतन, आणि आम्हा तिघांना बोरगाव मेघेतल्या आपल्या ओसरीत बसवून चित्रकला शिकवणारे, शाळेतून निवृत्त झालेले वसंत सर. त्यांच्या पत्नी कमलताई उन्हाळ्यात गेल्या. तेव्हापासून सरांनी पेन हाती धरले नव्हते. जेवणही नावालाच. त्यांची पुण्याची कन्या उज्ज्वला मला फोनवर म्हणाली, "काकू, ऑक्टोबर संपताना मी येते आहे. तोवर बाबांनी एक तरी चित्र काढलं, तर त्यांना तिथेच राहू देईन. नाहीतर घराला कुलूप लावून इकडे घेऊन येईन."

म्हणून आम्ही इंटरनेटवर चालते ते ऑक्टोबरचे चॅलेंज घेतले. रोज एक शब्द, त्यावर एक चित्र, आणि तेही फक्त शाईने. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. दिवेलागणीपूर्वी ग्रुपवर टाकायचे. सरांनाही मोह होईल, ही आमची आशा. त्यांनी रोजचा शब्द देण्याचे तेवढे मान्य केले आणि जुनाच पाठ पुन्हा दिला. "शाईच्या बाटलीत पांढरा रंग नसतो. काळे आपण करायचे, पांढरे राखायचे."

*

शब्द होता 'गर्दी'. चेतनने हिंगणघाटचा कापूस बाजार काढला. बैलबंड्या, ट्रॅक्टर, टोप्या, पागोटी. मुंगीला शिरायला वाट नाही.

मंदाने ग्रुपवर लगेच विचारले, "मधात हे बाई कोण बसून राह्यली? तिले काऊन नाई रंगवलं?"

"कोन बाई? म्या तर बाई काढलीच नाई!"

चित्राच्या मध्यभागी बसलेल्या माणसाएवढी कोरी जागा होती. चेतनने ती भरायला घेतली. शाई तेथे धरेना. थेंब होऊन बाजूला ओघळे.

"जेवणाच्या डब्यातलं तेल सांडलं असन, काकू," तो मला म्हणाला.

"तेल सांडते ते बाईच्या आकाराचे?" मी विचारले. त्यानंतर दोन दिवस तो डबा दुसऱ्या खोलीत ठेवून चित्र काढीत असे!

*

पुढे 'विहीर' आली. मंदाने आपल्या वांग्यांच्या वावरातली विहीर काढली आणि फोटो टाकण्याआधी स्वतःच थबकली. काठावर कोणी बसल्यासारखे पांढरे राहिले होते. तिने कागद सासूबाईंना दाखवला. सासूबाईंची नजर अधू, पण त्यांनी तो उन्हात धरून नीट पाहिला.

"मिटवू नको वं," त्या म्हणाल्या. "बसू दे तिले. दुरून आलेली दिसते."

*

तिसरी पाळी माझी. माझ्या हातून रेघ वाकडी गेलेली कोणी पाहिलेली नाही. 'भांडी' या शब्दावर मी पितळी भांड्यांची मांडणी काढली. प्रत्येक तांब्यावरचा उजेड मोजून मापून राखलेला. चित्र हातभर दूर धरले, तेव्हा दोन घागरींच्या मध्ये एक उभा गुडघा आणि त्यावर टेकलेला हात दिसला. मग पाठ दिसली, आणि मानेवर उतरलेला अंबाडा.

मी भ्याले नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले! मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. भिंग सरकले असेल, असा माझा तर्क. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळे तपासले. काही दोष नव्हता. मग मी चित्र पुढे केले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि अदबीने म्हणाले, "आजी, पेशंट नक्की कोण? आपण की ह्या?"

*

मग आम्ही तिघांची चित्रे माझ्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत एकच बाई. पाठमोरी, एक गुडघा उभा.

चेतनचा आवाज उतरला. "काकू, ह्या तं कमलकाकू हायत."

त्याच होत्या. सर चित्र काढीत असत तेव्हा त्या त्यांच्या डाव्या हाताला नेमक्या अशाच बसत. तोंड मात्र त्यांनी सरांनाही काढू दिले नाही. लग्नाच्या फोटोतही पदरच दिसतो! आधार कार्डावर फोटो आहे खरा. पण त्यात कोणीच ओळखू येत नाही, तशा त्याही येत नाहीत.

"सरले सांगू नका," मंदा म्हणाली. "आधीच पोटात अन्न नाई त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी शब्द दिला, 'अंधार'. चेतनला हायसे वाटले. "आता पाहा, पांढरं ठेवतच नाई!" त्याने अख्खा कागद काळा करून ग्रुपवर टाकला.

थोड्याच वेळात सरांचा मेसेज आला. महिन्याभरात कोणाच्याही चित्रावर त्यांनी लिहिलेले ते पहिलेच वाक्य.

"चेतन, खालच्या कोपऱ्यात जागा सोडलीस ती बुजव. ती कोपऱ्यात कधीच बसणार नाही. तिला पालींचे फार भय."

*

पाहिले तर कोपरा खरेच कोरा राहिला होता. आम्ही तडक सरांकडे गेलो. ते ओसरीतच होते. पुढ्यात कोरा कागद, शेजारी बंद बाटली.

"म्हणजे तुम्हांला पहिल्यापासून दिसत होते?" मी विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

"मग सर, तुमी काऊन नाई काढत?" मंदाच्याने राहवले नाही.

सरांनी कागदाची कड बोटाने सरळ केली. "तुम्हा तिघांकडे ती येते, मंदा. माझ्या कागदावर आली नाही तर?"



*

शेवटच्या दिवशी सकाळी उज्ज्वला येऊन पोहोचली. सरांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. आम्ही निरोपाला गेलो. सर म्हणाले, "आजचा शब्द तुम्ही द्या." मी म्हटले, "ओसरी."

त्यांनी बाटली उघडली! खांब झाले, कौले झाली, झोपाळा झाला, आम्हीसुद्धा झालो. रेघ सरांचीच. दुपार होईतो कागद भरला. त्यांनी तो दूर धरला, जवळ घेतला, उलटा करूनही पाहिला. राखलेले पांढरे सगळे जिथल्या तिथे. त्यांपलीकडे काही नव्हते.

"किती सुंदर झालंय, बाबा!" उज्ज्वलाचे डोळे भरून आले. "मी काकूंना शब्द दिला होता. तुम्ही राहा इथेच."

"नको," सर म्हणाले. "ती आली नाही. राहून काय करू? बॅग घे." त्यांनी पेन पुसले आणि बाटलीला बूच लावले.

उज्ज्वला बॅगेकडे जायला निघाली. तेवढ्यात सरांनी मान वर केली. समोरून कोणी हाक मारावी तशी. क्षणभर ऐकले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "अगं, मग आज समोर बसायचंय, हे आधी नाही का सांगायचं!"

बूच पुन्हा निघाले. त्यांनी नवा कागद ओढला.

"उज्ज्वला, मध्ये उभी राहू नकोस. आई झाकली जाते."

उज्ज्वला बाजूला झाली. सरांनी समोर नीट पाहून घेतले, कागदाच्या मधोमध पेन टेकवले आणि हळूच म्हणाले,

"हं. आता बोलू नकोस. ओठ हलतात."