अकरावा घोडा

विसरता आली असती तर ही घटना मी केव्हाच विसरलो असतो.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी तुम्ही वाचत असाल. त्यांत शेवटी गुन्हेगार सापडतो आणि साहेबांचे कौतुक होते. माझ्या या आठवणीत कौतुकासारखे काही नाही. मी पस्तिशीच्या आत वर्दी उतरवली. आता गावोगाव पत्रके वाटतो, पोलिसाने चौकशीला बोलावले तर काय विचारायचे, नोंद कुठे बघायची, याची. ही अक्कल मला कुठून आली ते सांगतो.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मागे डोंगर, पुढे महाविद्यालय. महाविद्यालयाचे निसर्ग मंडळ होते. दर रविवारी पंधरा-वीस मुले डोंगर चढायची, ओढ्यात पोहायची, दगडांच्या चुलीवर खिचडी करायची. बहुतेक तापीकाठच्या बऱ्या घरची, वसतिगृहात राहणारी. त्यांचा एक रिवाज होता. प्रत्येक मोहिमेवरून काहीतरी ‘खूण’ आणायची आणि वसतिगृहाच्या फळीवर मांडायची. मोराचे पीस, शेंगा, चमकता दगड.

एका मोहिमेला मी हिरवा झेंडा दाखवला. नंतर त्यांनी माझा सत्कार केला, शाल, नारळ आणि मंडळाची खूण. खूण म्हणजे वीतभर उंचीचा लाल मातीचा घोडा, एक कान उडालेला. मला आवडला. ठाण्यात टेबलावर पेनांच्या शेजारी ठेवला.

पंधरा दिवसांनी डोंगरावरच्या पाड्यातले एक म्हातारे तक्रार घेऊन आले. ते तिथल्या देवाच्या थानाची देखभाल करायचे. नवस फिटला की लोक तिथे मातीचा घोडा वाहतात. अकरा घोडे गेले होते.

“किंमत किती?” मी व्हरांड्यातच विचारले.

“किंमत नाही साहेब. दिलेले आहेत ते.”

“कसे दिसतात?”

“एवढे,” त्यांनी वीत दाखवली. “लाल मातीचे. जुने.”

मी आत येऊन तक्रार वाचली, सही केली, आणि पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यावर तो घोडा ठेवला. म्हातारे बाहेर बाकावरच बसले होते. हे मी आज जसे लिहितो आहे तसेच घडले. लोक मला विचारतात, इतका आंधळा कसा होतास? आंधळा नव्हतो. मला जे सत्कारात मिळाले ते चोरीचे असेल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

दोन दिवसांनी खबर आली. आमचा एक खबऱ्या स्टँडवर पानाची टपरी चालवायचा. तो म्हणाला, त्याच पाड्यातला कॉलेजचा एक मुलगा तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी गोणी घेऊन डोंगर उतरताना दिसला. आणि हळू आवाजात पुढे म्हणाला, “साहेब, घर ख्रिस्ती शे त्यासनं.”

बस. मला आणखी काही नको होते. ख्रिस्ती घर, हिंदूंचे थान, गोणी. गुन्हा मी खुर्चीत बसून उकलला.

पुन्हा येऊन बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मी नाव सांगितले तर ते उठूनच उभे राहिले. “नाही साहेब. त्यांचं घर वेगळ्या वाटेनं गेलं, पण तो पोरगा सणाला आमच्याकडे जेवतो. तो असं करणार नाही.”

“काका, तुम्ही तपास करणार की मी?” हे माझे उत्तर.

गुरुवारी सकाळी हवालदाराने मुलाला आणले. वीस-एकवीस वर्षांचा, बारीक, पायात झिजलेले धावायचे बूट. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. ‘नुसते विचारायला बोलावले’ म्हटले की नोंद लागत नाही, असे आम्ही आपसात ठरवूनच टाकलेले असते. हे बेकायदा आहे आणि प्रत्येकाला ते माहीत असते.

तो खाली मान घालून म्हणाला, “मी घेतले नाहीत.”

“मग गोणीत काय होतं?”

एकदा त्याने माझ्या टेबलाकडे पाहिले आणि नजर वळवली. मी ती गुन्हेगाराची नजर समजलो.

दुपारी हवालदार आला. “साहेब, काहीच बोली नही ऱ्हायना.”

मी म्हणालो, “बघा तुम्ही.” आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. ठाण्यात ‘बघा’ म्हणजे काय ते शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळते. तळव्यांवर मारले. खूण राहत नाही म्हणून तळव्यांवर. मी हात लावला नाही, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो. चहा प्यायलो, एवढेच. थू!

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारे पुन्हा आले. या वेळी मी त्यांना आत बोलावले. मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. म्हातारे माझ्या टेबलापाशी आले आणि थबकले. मग डोक्यावरचे फडके काढून त्यांनी त्या कानतुटक्या घोड्याला हात जोडले. डोळे भरून आले होते.

“सापडला साहेब! एक सापडला! बाकीचे कुठं आहेत?”

मी मुलाकडे पाहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

तो शांतपणे म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच टेबलावर होता.”

मग सगळे बाहेर आले. मंडळाच्या मुलांना त्यानेच वाट दाखवली होती. त्यांनी घोडे उचलले तेव्हा तो नको म्हणाला. ती मुले हसली, “अरे, तुला काय करायचंय? तू तर चर्चवाला!” आणि गोणी त्याच्याच खांद्यावर दिली. आदल्या दिवशी ठाण्यात आल्यावर त्याने टेबलावर घोडा पाहिला आणि त्याला वाटले, साहेब त्यांच्यातलाच आहे. इथे खरे सांगून काय होणार?

वसतिगृहात दहा घोडे मिळाले. एकाच्या पाठीवर मोबाइल टेकवलेला. मुले घाबरली. “सर, पडलेले होते तिथे. तुटके होते. आम्हाला वाटलं टाकून दिलेत.” मला वाटते ती खरे बोलत होती. टाकून दिलेले काय आणि ठेवलेले काय, हे विचारायला सोबत माणूस असूनही त्यांनी विचारले नव्हते.

संध्याकाळपर्यंत पालक गाड्या घेऊन हजर. एक गृहस्थ माझ्या समोर बसले. “साहेब, मातीना घोडा शेतस, सोनाना नहीत. पोरेसले समज द्या आनि सोडी द्या.” मी समज दिली आणि सोडले. म्हाताऱ्यांना फक्त घोडे परत हवे होते. पंचनाम्यात लिहिले, दहा नग वसतिगृहातून, एक नग रस्त्याच्या कडेला बेवारस मिळून आला. रस्त्याच्या कडेला! पंचांनी न वाचता सह्या केल्या.

आणि तो मुलगा? शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला “जा घरी” म्हणालो. माफी मागितली नाही. सोमवारी त्याची वनरक्षक भरतीची धाव होती. पाच किलोमीटर. लेखी परीक्षा तो पास झाला होता. पाड्यातून एवढ्या पुढे गेलेला तो पहिलाच, हे मला नंतर कळले. सुजलेल्या तळव्यांनी तो मैदानात उतरला आणि निम्म्यावर खाली बसला.

मंगळवारी तो लंगडत ठाण्यात आला. तक्रार करायला नव्हे.

“साहेब, एक चिठ्ठी द्या. मी दोन दिवस इथं होतो, एवढंच लिहा. दाखवली तर कदाचित दुसरी तारीख देतील.”

नोंदच नव्हती. चिठ्ठी दिली असती तर त्याला कोणत्या कायद्याने ठेवले ते सांगावे लागले असते. मग मार, मग पंचनामा, मग माझे टेबल. मी म्हणालो, “तू इथं नव्हतास. रेकॉर्ड बघ.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि निघून गेला. नोकरी मी आणखी दोन वर्षे केली, हेही सांगून टाकतो. लगेच राजीनामा देण्याइतका मी चांगला नव्हतो.

या प्रकरणाने मला काय शिकवले? पोलिसाची काठी लोकांना दिसते. त्याहून वाईट आहे तो न लिहिलेला कागद. ज्याला मारले तो आलाच नव्हता, असे एकदा ठरले की त्याने कुठे जायचे? आणि आम्ही ज्यांचे ऐकून घेतो त्यांच्याकडे गाड्या असतात, हे मी शाळेतच शिकायला हवे होते, ठाण्यात नव्हे.

गेल्या वर्षी मी ती चिठ्ठी लिहिली, सही केली आणि पाड्यावर घेऊन गेलो. आता तो जीप चालवतो. भरतीचे वय निघून गेले आहे. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

“आता ही कुठं दाखवू?”

छापू का, असे मी विचारले. तो म्हणाला, “छापा. माझं नाव नको.”

म्हणून इथे लिहितो. गुरुवार सकाळपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत तो माझ्या ठाण्यात होता. त्याने काहीही चोरले नव्हते. सोमवारी तो धावू शकला नाही, त्याचे कारण मी आहे.